सावकाराला १८ टक्क्यांची मर्यादा, मग क्रेडिट कार्डाला ४२ टक्के कसे चालतात?

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं, तर वर्षाला १२ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. कर्ज घेणारा शेतकरी नसेल, तर ही मर्यादा १८ टक्के आहे. तारण ठेवलं असेल तर दर आणखी कमी, शेतकऱ्याला ९ आणि इतरांना १५ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ खाली हे दर ठरले आहेत.

आता तोच शेतकरी किंवा तोच दुकानदार क्रेडिट कार्ड वापरतो आणि बिल पूर्ण भरत नाही. त्याला महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं. वर्षाचे झाले ४२ ते ४५ टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. आणि यात बेकायदा काहीच नाही.

पूर्वी निदान एक आदेश कागदावर होता, ज्यात ३० टक्क्यांच्या वरचं व्याज चुकीचं ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तोही रद्द केला.

हा विषय फक्त मुंबई-पुण्याच्या पगारदारांचा राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार डिसेंबर २०१९ मध्ये देशात ५.५३ कोटी क्रेडिट कार्डं होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती १०.८० कोटी झाली, म्हणजे पाच वर्षांत जवळपास दुप्पट. त्यातच सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. स्वाइप मशीन नसलेल्या दुकानातही क्यूआर कोड स्कॅन करून उधारीवर खरेदी होते. नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता कार्ड आणि त्याचं बिल दोन्ही पोहोचू शकतात.

आणि देवळ्यात हे बिल जरा वेगळ्या पद्धतीने अंगावर येतं. ते कसं, हे समजून घेण्याआधी कोर्टात काय झालं ते बघू.

सुप्रीम कोर्टाचा निकाल काय आहे?

गोष्ट जुनी आहे. 'आवाज' या अहमदाबादच्या ग्राहक संघटनेने क्रेडिट कार्डांच्या व्याजाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली होती. तेव्हा बँका बिल थकवणाऱ्यांना वर्षाला ३६ ते ४९ टक्के व्याज लावत होत्या. ७ जुलै २००८ ला आयोगाने सांगितलं की ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

सिटीबँक, एचएसबीसी, स्टँडर्ड चार्टर्ड, अमेरिकन एक्स्प्रेस यांनी याविरुद्ध सुप्रीम कोर्टात धाव घेतली. आदेशाला स्थगिती मिळाली आणि प्रकरण पुढे कित्येक वर्षं पडून राहिलं. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. सतीश चंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने आयोगाचा आदेश रद्द केला.

कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : व्याजाचे दर ठरवणं किंवा त्यावर लक्ष ठेवणं हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे. बँक आणि ग्राहक यांच्यातल्या कराराच्या अटी आयोगाला बदलता येत नाहीत. शिवाय कार्डधारकाला त्याचे फायदे, वेळेवर पैसे भरायची जबाबदारी आणि उशीर झाल्यास लागणारा दंड यांची माहिती दिलेली असते.

यातला शेवटचा मुद्दा, माहितीचा, लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

मग रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे का? आकड्यात नाही. व्याज अवाजवी नसावं, दर ठरवण्याचं धोरण बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेलं असावं, असं रिझर्व्ह बँक सांगते. 'अवाजवी' म्हणजे किती टक्के, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

सावकाराचा कायदा बँकेला का लागू होत नाही?

व्याजाला लगाम घालण्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास मोठा आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात.

त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे कोर्टाला कर्जरोख्यावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे 'दामदुप्पट' होतीच. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा तो नियम. मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो मानत होती.

बँकांच्या बाबतीत कायदा बरोबर उलट्या दिशेने गेला. बँकिंग नियमन कायदा, १९४९ मध्ये १९८४ साली कलम २१-अ घालण्यात आलं. व्याजाचा दर फार जास्त आहे, एवढ्याच कारणावरून कोर्टाला बँकेचा व्यवहार पुन्हा उघडता येणार नाही, असं ते सांगतं. सावकारी कायद्यातूनही बँका वगळलेल्या आहेत. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या फायनान्स कंपन्यांनाही राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

यामागचा तर्क असा की बँकांवर रिझर्व्ह बँकेची नजर असते, स्पर्धा असते, त्यामुळे दर आपोआप ताळ्यावर राहतात. गृहकर्जात हे बऱ्यापैकी खरंही ठरतं. तिथे पाव टक्क्यासाठी लोक बँक बदलतात. क्रेडिट कार्ड घेताना मात्र थकबाकीचा व्याजदर कुणी विचारत नाही, कारण बिल थकवायचं असं ठरवून कुणी कार्ड घेत नाही. कॅशबॅक किती, एअरपोर्टचं लाउंज फुकट आहे का, वार्षिक फी माफ आहे का, एवढंच विचारलं जातं. साहजिकच कंपन्यांची स्पर्धाही तेवढ्यावरच होते.

पन्नास दिवस फुकट, मग व्याज येतं कुठून?

कार्डाचं गणित सोपं आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बिल तयार होतं आणि साधारण वीस दिवसांनी भरायची शेवटची तारीख असते. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर जवळपास ५० दिवस बिनव्याजी मिळतात. बिल निघायच्या आदल्या दिवशी केली तर वीसच.

ही सवलत एका अटीवर आहे : बिलाची *पूर्ण* रक्कम शेवटच्या तारखेपर्यंत भरली पाहिजे.

थोडी जरी रक्कम बाकी राहिली, तर दोन गोष्टी होतात. बाकी रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू होतं. आणि पुढच्या नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे बिल थकलेलं असताना त्याच कार्डाने किराणा घेतला, तर त्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज.

एटीएममधून कार्डाने रोख काढली तर बिनव्याजी मुदत कधीच नसते. पैसे हातात आले की मीटर चालू, वर साधारण अडीच टक्के फी.

मिनिमम ड्यू : सर्वात महाग सोय

बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देय रक्कम आणि दुसरा 'मिनिमम अमाउंट ड्यू', म्हणजे किमान देय रक्कम. ही दुसरी रक्कम बऱ्याचदा बिलाच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. ती भरली की उशिराचा दंड लागत नाही, कार्ड चालू राहतं, वसुलीचा फोन येत नाही. सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

हिशोब करून बघू. समजा ५०,००० रुपयांचं बिल आलं आणि ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये भरले. बाकी राहिले ४७,५००. महिन्याला साडेतीन टक्के दराने व्याज झालं १,६६२ रुपये. त्यावर जीएसटी २९९ रुपये. एकूण १,९६१ रुपये. (खरेदीपासून बिलापर्यंतच्या दिवसांचं व्याज सोपेपणासाठी सोडून दिलं आहे.)

पुढचं बिल येतं सुमारे ४९,४६० रुपयांचं. त्याचे ५ टक्के म्हणजे २,४७३ रुपये. ते भरले, तर कर्जातून कमी झाले जेमतेम ५११ रुपये. बाकीचे व्याजात आणि करात गेले.

असंच वर्षभर, एकही नवी खरेदी न करता, दर महिन्याला ५ टक्के भरत राहिलात तर?

- वर्षात भरलेली रक्कम : सुमारे २८,००० रुपये
- त्यातून कमी झालेलं कर्ज : सुमारे ५,८०० रुपये
- अजून बाकी : सुमारे ४१,७०० रुपये

याच गतीने कर्ज निम्मं व्हायलाही पाच वर्षांच्या वर लागतात. दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे. तो इशारा असतोही. पण बिल बघताना डोळा आधी जातो तो 'पे नाऊ'च्या बटणाकडे.

देवळ्यात अडचण वेगळी का आहे?

कार्डाचं घड्याळ महिन्याचं आहे. पगारदाराचंही घड्याळ महिन्याचंच असतं. पगार एक तारखेला, बिल पाच तारखेला, जमलं.

देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या कसमादे पट्ट्याचं घड्याळ पिकाचं आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. तो एकदम विकला जात नाही. चाळीत साठवतात आणि भाव बघून पावसाळ्यात, दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने देवळा-उमराण्याच्या लिलावात नेतात. डाळिंबाचा पैसाही बहार धरल्यावर कित्येक महिन्यांनी येतो. त्यामुळे इथली उधारी पूर्वापार 'माल विकला की देतो' या बोलीवर चालत आली. कृषी सेवा केंद्र, किराणा दुकान, ट्रॅक्टरवाला, सगळ्यांच्या वह्या याच बोलीवर चालतात. गावचं सगळं अर्थकारण कांद्याच्या भावाशी बांधलेलं असल्यामुळे शेती नसलेल्या दुकानदाराचंही उत्पन्न महिन्याचं नसतं.

त्यात भाव हातात नाही. गेल्या काही वर्षांतल्या तारखा बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण हटलं. दिल्लीत एक अधिसूचना निघते आणि इथला लिलाव दुसऱ्या दिवशी हलतो. कार्डाच्या बिलाची तारीख मात्र हलत नाही.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने जूनमध्ये ड्रिपच्या नळ्या आणि बियाणं यासाठी ५०,००० रुपये कार्डावर खर्च केले. चाळीत कांदा आहे, भाव वाढला की विकू, तोवर मिनिमम भरू, असा विचार केला. पाच महिन्यांत व्याज आणि जीएसटी मिळून जातात साडेनऊ हजारांच्या आसपास. तेच ५०,००० किसान क्रेडिट कार्डाच्या ७ टक्के दराने घेतले असते तर पाच महिन्यांचं व्याज १,५०० रुपयांच्या आत बसलं असतं. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तर ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडल्यास व्याज शून्यावर येतं.

आणखी एक गणित. समजा आज कांद्याला क्विंटलमागे १,५०० रुपये मिळतायत. कार्डाची थकबाकी अंगावर ठेवून कांदा चाळीत धरला, तर फक्त व्याज निघायला भाव दर महिन्याला क्विंटलमागे ६२ रुपये वाढला पाहिजे. चाळीतली घट आणि सड वेगळीच. त्यामुळे कार्डाचं कर्ज असताना 'भाव येईपर्यंत थांबू' हा निर्णय वाटतो त्यापेक्षा खूप महाग पडतो.

मग लोक स्वस्त कर्ज सोडून महाग कर्ज का घेतात? कारण स्वस्त कर्ज वेळेवर मिळेलच असं नाही. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक गेली अनेक वर्षं थकबाकीच्या ओझ्याखाली अडचणीत आहे. विकास सोसायटीतून पीक कर्ज घेणाऱ्यांना याचा थेट फटका बसला. राष्ट्रीयीकृत बँकेत सातबारा, फेरफार, इतर बँकांचे दाखले, चकरा. आणि मोबाइलवर एक प्री-अप्रूव्हड ऑफर, जी दोन मिनिटांत मंजूर होते. महाग कर्जाला ग्राहक मिळतो तो इथे.

कॅशबॅकचा पैसा कोण देतं?

जाहिरातीत रिवॉर्ड पॉइंट म्हणजे बक्षीस वाटतं. हा पैसा तीन वाटांनी येतो.

पहिली वाट दुकानदाराची. कार्डाने पैसे घेतले की त्याला मिळणाऱ्या रकमेतून दीड-दोन टक्के किंवा जास्तच कापले जातात. खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर ही कपात नाही. यूपीआयवरच्या रुपे क्रेडिट कार्डाला छोट्या दुकानदारांसाठी २,००० रुपयांपर्यंत सूट आहे, त्याच्या वर कपात होते. म्हणून तर काही दुकानांत 'क्रेडिट कार्ड चालणार नाही' किंवा 'दोन टक्के जास्त लागतील' असं ऐकायला मिळतं. दुसरी वाट वार्षिक फीची. तिसरी वाट बिल थकवणाऱ्यांच्या व्याजाची आणि दंडाची.

या तिसऱ्या वाटेवर अमेरिकेत अभ्यास झाला आहे. फेडरल रिझर्व्हने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधानुसार तिथे रिवॉर्ड कार्डांमुळे वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे सरकतात. हा पैसा गरिबाकडून श्रीमंताकडे जातो एवढंच त्याचं उत्तर नव्हतं. उत्पन्न कितीही असो, कार्ड नीट न वापरणाऱ्याचा पैसा ते नीट वापरणाऱ्याकडे जातो, असं त्यात दिसलं.

आपल्या उदाहरणात बसवून बघा. ५०,००० च्या खरेदीवर १ टक्का कॅशबॅक म्हणजे ५०० रुपये. बिल पूर्ण न भरल्यास पहिल्याच महिन्यात गेले १,९६१. जवळपास चौपट.

'नो कॉस्ट ईएमआय' खरंच फुकट असतो का?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. कार्डाच्या शून्य टक्के ईएमआय योजनांमध्ये व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाने लपवलं जातं, म्हणून अशा योजना बंद करायला तिने बँकांना सांगितलं होतं.

आज 'नो कॉस्ट'मध्ये साधारण असं होतं : व्याजाइतकी सूट कंपनी किंवा दुकानदार आधीच किमतीत देतो आणि बँक ईएमआयमध्ये ते व्याज घेते. ग्राहकाला मोबाइलची किंमत तेवढीच दिसते. पण व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, प्रोसेसिंग फी असू शकते आणि रोखीने घेतल्यास मिळाली असती ती सूट हातची जाते. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायचा : 'रोख दिले तर केवढ्याला?' दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं व्याज.

ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांना दुकानातच फायनान्स मिळतो. तिथेही माहिती नीट न देण्याचा प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजाज फायनान्सला दोन योजनांखाली नवी कर्जं द्यायला मनाई केली होती. कारण होतं डिजिटल कर्जाचे नियम, विशेषतः ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचा तक्ता देण्याचा नियम न पाळणं. त्रुटी दुरुस्त केल्यावर मे २०२४ मध्ये ही मनाई उठली.

कार्ड थकलं तर पीक कर्ज मिळेल का?

कार्डाची थकबाकी सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे नोंदली जाते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरा दिवसांनी द्यावी लागते. पूर्वी ती महिन्याने जायची. म्हणजे चुकलेला हप्ता आता लवकर दिसतो.

पीक कर्जासाठी सिबिल बघावा का, यावर महाराष्ट्रात वाद चालू आहे. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शेतकऱ्यांना सिबिल मागणाऱ्या बँकांवर कारवाईचा इशारा दिला. सरकारने हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, यातच शाखेत काय होतं ते आलं. ट्रॅक्टर, घर किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना तर सिबिल बघितला जातोच. त्यामुळे मित्राला आपल्या कार्डावर मोबाइल घेऊन देताना विचार करा. हप्ता त्याने चुकवला तरी नोंद तुमच्या नावावर होते.

'ग्राहकाला माहिती आहे' हे किती खरं?

आता निकालातल्या त्या मुद्द्याकडे येऊ. कार्डधारकाला अटी माहीत असतात, हे कोर्टाने धरून चाललं आहे.

रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी एक चांगला नियम केला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जांना सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, हे दाखवणारा तक्ता द्यावा लागतो आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो. पण या परिपत्रकातून क्रेडिट कार्डाची थकबाकी वगळली आहे. कार्डासाठी वेगळे नियम आहेत आणि त्यात व्याज, फी यांची माहिती देणारं एक पानी पत्रक अर्जाबरोबर देणं बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात अर्ज अ‍ॅपवर भरला जातो, अटी स्क्रोल होतात, 'आय अ‍ॅग्री' दाबलं जातं. तिथे दर 'दरमहा ३.५ टक्के' असा दिसतो. गावात व्याज शेकडा-दरमहा मोजायची सवय जुनीच आहे, त्यामुळे साडेतीन हा आकडा छोटा वाटतो. खाजगी सावकाराच्या शेकडा तीन-चार टक्क्यांना ज्याला आपण पिळवणूक म्हणतो, तोच हा दर आहे, हे पटकन लक्षात येत नाही.

आकड्याची मर्यादा काढून टाकली आणि सगळी भिस्त माहितीवर ठेवली, तर ती माहिती मराठीत, वर्षाच्या दराने आणि रुपयांच्या उदाहरणासह मिळणं हा ग्राहकाचा हक्क ठरायला हवा. तसा नियम करणं रिझर्व्ह बँकेच्या हातात आहे. सुप्रीम कोर्टाने सगळा अधिकार तिच्याकडेच आहे असं सांगितलं आहे, म्हणजे जबाबदारीही तिचीच.

तोवर तुमच्या हातात काय आहे?

२०२२ मध्ये आलेल्या निर्देशांनी आणि नंतरच्या सुधारणांनी कार्डधारकाला बरेच हक्क दिले आहेत. ते फारसे कुणाला ठाऊक नसतात.

- न मागता कार्ड पाठवता येत नाही. पाठवून पैसे लावले तर ते परत करावे लागतात आणि त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो.
- कार्ड आलं पण ३० दिवसांत सुरू केलं नाही, तर सुरू करण्यासाठी बँकेला ओटीपीने तुमची संमती घ्यावी लागते. संमती नसेल तर खातं विनाशुल्क बंद करावं लागतं.
- विचारल्याशिवाय लिमिट वाढवता येत नाही.
- उशिराचा दंड शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच लागतो आणि तो बाकी रकमेवरच लावता येतो.
- कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी शून्य असेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे. त्यानंतर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला मिळतात.
- बिलाची तारीख किमान एकदा बदलून मागता येते.
- वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, अपमान, नातेवाइकांना त्रास यांना मनाई आहे.
- सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. चुकीची नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.
- बँकेने तक्रारीचं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मग कार्ड ठेवायचं की नाही?

बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत असेल, तर कार्ड ही चांगली सोय आहे. बिनव्याजी दिवस मिळतात, पत तयार होते, ऑनलाइन खरेदीत फसवणूक झाली तर पैसे थेट खात्यातून जात नाहीत.

उत्पन्न हंगामी असेल, तर नियम थोडा कडक हवा. कार्डावर तेवढाच खर्च करायचा जेवढे पैसे आज खात्यात आहेत. येणाऱ्या कांद्याच्या भरवशावर नाही. लिमिट स्वतःहून कमी करून घेता येतं. ऑटो-पे लावताना 'टोटल ड्यू' निवडलंय की 'मिनिमम', हे तपासायचं. शेतीचा खर्च किसान क्रेडिट कार्डावरच ठेवायचा, त्यासाठी दोन चकरा जास्त झाल्या तरी. पगाराची स्लिप नसेल आणि पत तयार करायची असेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड बरं, कारण त्याचं लिमिट तुमच्याच पैशाने बांधलेलं असतं.

आणि कार्ड आधीच थकलेलं असेल, तर पहिलं काम म्हणजे त्या कार्डावरची नवी खरेदी थांबवणं. दुसरं, ही थकबाकी कमी व्याजाच्या कर्जात नेणं. सोनेतारण कर्ज, पतसंस्थेचं कर्ज किंवा त्याच बँकेकडून थकबाकीचा ईएमआय करून घेणं, यांतलं काहीही ४२ टक्क्यांपेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता मोठी आहे. एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्या कार्डावरून रोख काढणं किंवा ओळखीच्या दुकानात कार्ड घासून कमिशनवर रोख घेणं, हे मात्र टाळायचं. त्यात कर्ज तेवढंच राहतं, वर कमिशन जातं.

पुढचं बिल आलं की त्यावरचा एक आकडा शोधा : थकबाकीचा दरमहा व्याजदर. त्याला १२ ने गुणा. जो आकडा येईल तो गावातल्या सावकाराने सांगितला असता, तर तुम्ही त्याच्याकडून पैसे घेतले असते का, एवढं स्वतःला विचारा.